पिवळं बटण

ताईने क्लिप पुन्हा लावली. पाच सेकंदांची तर क्लिप. धाकटी बहीण ओट्यापाशी पाठमोरी उभी, पातेल्यात चमचा फिरवतेय. वर भिंतीवरच्या घड्याळात सात वाजलेत. मग ती मान वळवून हसते आणि म्हणते, "झाली सकाळ."

अंगात हिरवा ड्रेस. मानेखाली पाठीवर बटणपट्टी, सगळी बटणं हिरवी आणि एकच पिवळं.

ते पिवळं बटण ताईनेच लावलं होतं. ड्रेस शिवताना ऐन वेळी एक हिरवं कमी पडलं, तेव्हा धाकटी म्हणाली होती, लाव गं पिवळंच, माझ्या पाठीकडे कोण बघतंय.

ताईने मान वर केली. तोच हिरवा ड्रेस दुकानात, शिलाई मशीनच्या समोर, खुंटीला लटकत होता. रविवारपासून तिथेच होता. त्याच्या दोन्ही बाह्या तिने स्वतःच्या हाताने उसवल्या होत्या.



रोज सकाळचे पाच सेकंद टिपायचे ही कल्पना धाकटीच्या नवऱ्याची. तो दुसऱ्या गावी पुलाच्या कामावर असायचा आणि शनिवारी घरी यायचा. आपलं साधं जगणंच पुढे पाहायला गोड वाटतं, म्हणायचा, वर्षअखेर सगळ्या क्लिपा जोडून सिनेमा करू. तिघांचा ग्रुप त्यानेच काढला, फोनचं स्टँड त्यानेच आणलं. घड्याळ दिसलंच पाहिजे, ही अटही त्याचीच. एकदा क्लिप यायला उशीर झाला तर हा गडी काम टाकून धावतपळत घरी पोचला होता. ताईला त्याचं कोण कौतुक! ती स्वतः नाहीशी झाली असती, तर तिच्या नवऱ्याला मोजे सापडेनासे झाल्यावरच ते कळलं असतं.

रविवारी पिशवीभर कपडे घेऊन धाकटीचा नवराच आला होता. त्यातल्या सगळ्या ड्रेसच्या बाह्या मनगटापर्यंत करून हव्या होत्या. एवढ्या उकाड्यात कशाला, असं ताईने विचारलं, तर म्हणाला, ऊन लागतं हो तिला. तो गेल्यावर ताई शेजारणीला म्हणाली होती की आमच्या धाकटीने नशीब काढलं.

आजच्या क्लिपखालीही त्याने नेहमीसारखा बदाम टाकला होता. बिचाऱ्याच्या काहीच ध्यानात आलं नव्हतं. पुरुषांना कपड्यातलं काय कळतंय?

ताईने धाकटीला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

क्लिप जुनी असेल, तर आज ती पाठवली कुणी? फोन कुणाच्या हातात आहे? आणि तिचं काय केलं त्याने? एक गिऱ्हाईक पडद्यांचं माप घेऊन आलं, ते काय बोलतंय ते ताईला उमजेना. तिने त्याला परत पाठवलं आणि धाकटीच्या नवऱ्याला फोन केला.

"आजची क्लिप आजची नाहीये," ती म्हणाली. मग ड्रेसचं, बटणाचं, खुंटीचं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

पलीकडची यंत्रांची घरघर लांब गेली, तो बाजूला आला होता.

"नक्की ना, ताई?"

"अहो, बाह्या मी माझ्या हाताने उसवल्यात."

"मग कालचीही कशावरून खरी?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला हुंदका फुटला.

"बरं झालं, मला सांगितलंत," तो म्हणाला. आवाज इतका शांत की तिला धीर आला. पोलिसांत इतक्यात जाऊ नका, शेजाऱ्यांना विचारू नका, उगाच बोभाटा होतो, असं त्याने समजावलं. "मी आधी तुमच्याकडेच येतो. घर सोडून कुठेही जाऊ नका."

ताईने शटर ओढलं आणि वर घरात येऊन बसली. तिचा नवरा कामावरून यायला अवकाश होता. जिन्यात जरा खुट्ट झालं की ती दचकायची. डोळे मिटले की धाकटी ओट्यापाशी पाठमोरी दिसायची, आणि या वेळी मान वळवायचीच नाही. लहानपणी अंधाराला भिऊन ती ताईचा परकर मुठीत धरून झोपायची. आत्ता ती कुठे असेल, कुणाला हाका मारत असेल, या विचाराने ताईचा जीव नुसता खालीवर होत होता.

उन्हं उतरली आणि बेल वाजली.

"आलात?" म्हणत तिने दार उघडलं.

दारात धाकटी उभी होती. हातात बॅग.

ताईने तिला गच्च मिठी मारली, तशी धाकटी कळवळली. तिने बिनबाह्यांचा ड्रेस घातला होता. दोन्ही दंडांवर वळ होते, काही काळेनिळे, काही जुने होऊन पिवळे पडलेले.

"तुला आधीच सांगणार होते, पण तू सारखं त्याचं कौतुक करायचीस," ती म्हणाली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. "या आठवड्याच्या क्लिपा मागच्याच आठवड्यात एका दुपारी काढून ठेवल्यात बघ. ड्रेस बदलत, घड्याळाचे काटे फिरवत. रोज सातला एक पाठवायची आणि फोन बंद. शनिवारपर्यंत त्याला वाटेल मी घरातच आहे. तोवर मी लांब गेलेली असेन."

खाली दुकानासमोर गाडी थांबली. दार आपटल्याचा आवाज आला. धाकटी खूप दिवसांनी हसत होती, तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तो हिरवा ड्रेस नंतर त्याने तुझ्याकडे आणून टाकला, त्याची तेवढी धास्ती होती. पण म्हटलं, ओळखलाच तर माझी ताईच ओळखेल."