सुनेत्राबाईंचा दगड

भैय्यालाल मिस्त्रीनं दगड बसवला. उरल्याच्या कारखान्यांकडून उडत आलेली काळी धूळ ओल्या फडक्यानं पुसता पुसता त्यानं त्यावरची ओळ वाचली आणि त्याला फिसकन हसू आलं. मागे बुवा उभे आहेत हे ध्यानात येताच बिचारा ओशाळला.

"माफ करना, बाबूजी."

"हस न भैया," प्रल्हादबुवा म्हणाले. "त्यासाठीच लिहवलं."

गोसाव्यांत माणसाला पुरतात. त्यांच्या समाध्यांच्या त्या जागेत आजूबाजूचे सगळे दगड कसे गंभीर. कोणी शिवलोकवासी, कोणी कैलासवासी. अन् बुवांच्या बायकोच्या दगडावर कोरलं होतं:

सुनेत्रा प्रल्हाद गिरी
'मी झोपली नाही. डोळे मिटून ऐकून राहिली.'

रायपुरातल्या मराठी मंडळींना हे वाक्य पाठ होतं. बुवांचं कीर्तन रंगात आलं की पहिल्या रांगेत बाईंची मान हलकेच छातीवर यायची. बुवा चिपळ्या थांबवून विचारायचे, "काय सुनेत्राबाई, हनुमंत कुठवर पोचले?" बाई दचकून पदर सावरत हे वाक्य ठणकावायच्या, वर म्हणायच्या, "तुम्ही सोडले तिथंच उभे आहेत, न्या पुढं!" हॉल हसून लोटपोट व्हायचा. काही माणसं तर तेवढ्यासाठीच येत.

"बाबा, माझ्या ऑफिसचे लोक येऊन राहिले," आशय हळूच म्हणाला. मुलाचे डोळे सुजलेले होते. "त्यांना काय वाटेल?"

"त्याहिले मराठी कुठं येते?"

"वाचता तर येतं न! बाबा, निदान नावाआधी स्वर्गीय तरी टाका. आई गेली, बाबा."

"तिनं स्वतः सांगितलं न, झोपली नाही म्हणून," बुवा एकदम कडक झाले. "मी तिचं ऐकू का तुझं?"

ती गेल्यापासून 'गेली' हा शब्द बुवांनी तोंडातून काढला नव्हता. सकाळी चहा दोन कपांत गाळायचे. कोणी भेटायला आलं की तिचाच एखादा किस्सा सांगून पाहुण्यालाच हसवून पाठवायचे.

माणसं जमली. दगडापाशी आली की वाचत, ओठ दाबत, अन् मग डोळे पुसत. बुवा एकेकाचं तोंड निरखत होते. कोणी हसलं की त्यांना तेवढाच धीर यायचा.

फुलं वाहून झाली. आता देवाचं नाव घ्यायचं. बुवांनी उपरणं सारखं केलं, चिपळ्या उचलल्या, आणि सवयीनं त्यांची नजर समोर, पहिल्या रांगेकडे गेली.

तिथं ताजी, ओलसर माती होती. जराशी खचलेली.

बुवा किती तरी वेळ बघत राहिले. चिपळ्या वाजल्याच नाहीत. त्या त्यांनी खाली गवतावर ठेवल्या, गुडघे टेकले आणि पुटपुटल्यासारखं रामाचं नाव सुरू केलं.

मागची माणसं पुढं सरकली. आशय वाकून म्हणाला, "बाबा, मागे ऐकू नाही येऊन राहिलं. थोडं जोरात म्हणा न."

बुवांनी तळहात मातीवर ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा.

"नको रे, पोट्ट्या," ते म्हणाले. "झोपू दे तिले."