छापलेली ओळ

आमदारांच्या कार्यालयातून दरमहा निघणाऱ्या माहितीपत्रकाचा मजकूर तिथली कारकून मुलगीच टाइप करायची. मोफत फिजिओथेरपी केंद्राला कुलूप लागलं तेव्हा तिने पत्रकातली त्या केंद्राची ओळ काढायला घेतली, तर साहेब उखडले, “बंद पडल्याचा बोभाटा आपणच कशाला करायचा? राहू दे!” ओळ राहिली. आज एक आजोबा लुळ्या हाताच्या बायकोला सावरत टेबलापाशी आले. हातातल्या पत्रकात त्याच ओळीभोवती पेन्सिलीचा गोल होता. “तीनदा गेलो, दरवेळी कुलूप. आमचीच वेळ चुकत असणार. नीट वेळ सांग ना, पोरी.” साहेबांच्या दाराकडे बघत ती पुटपुटली, “आजोबा, ते केंद्र केव्हाच बंद झालंय.” आजोबा हसले. “अगं, छापलंय की! या महिन्याच्याही अंकात आहे.” निघताना आजोबा बायकोला म्हणाले, “उद्या सकाळी जाऊन बघू. ही नवीन दिसतेय, पत्रक वाचलेलं नाही बिचारीने.”