तळ्यापलीकडचा झेंडा

तळ्यापलीकडे झेंडा फडफडत होता. हा चेंडू तिथं पोचला, तर मी राज्याच्या गोल्फ संघात!

"ताकद हातांत नाही, पायांत आहे. आधी कंबर वळव," सर रोज ओरडायचे. पण लहानपणापासून आईचा एकच धोशा, "मुलीच्या जातीनं कंबर हलवत चालू नये." ती वळणार कशी?

मी स्टिक उचलली. मैदान चिडीचूप. तेवढ्यात रोज छत्री घेऊन सराव बघत बसणारी आई किंचाळली, "अगं कार्टे, कंबर फिरव!"

पाय रोवले, कंबर गर्रकन फिरली, हात आपोआप मागून आले. चेंडू तळं ओलांडून थेट झेंड्यापाशी!

मी नाचतच मागे वळले. आईची मिटलेली छत्री फटका मारल्यासारखी खांद्यावर गेली होती आणि कंबर माझ्याहून जास्त वळली होती.