हनुवटीवरचा तीळ

सिनेमा संपल्यावर सगळ्यांनी डोक्यावरच्या पट्ट्या परत केल्या. ही पट्टी मन वाचून पात्रांना ओळखीचेच चेहरे द्यायची. ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास तो नायक व्हायचा, ज्याचा मनातून संशय तो खलनायक.

टपरीवर चहा घेताना रेवती खुशीत होती. "माझा नायक वज्रकेतू म्हणजे हुबेहूब तूच होतास रे!"

शाळेपासून तिच्यासोबत या सिनेमाची मूळ पुस्तकं वाचणारा श्रीरंग मात्र भडकला होता. "पार वाट लावली पुस्तकाची! त्यातला खलनायक कालदंत शेवटी रडून माफी मागतो. हा नुसता हनुवटीवरच्या तिळाशी चाळा करत हसत राहिला."

"पुस्तकात कुठे होता तीळ?"

श्रीरंगने घाईघाईने कपात तोंड खुपसलं. रेवतीचं बोट सवयीने हनुवटीवर फिरत होतं, ते तिळापाशी येऊन थांबलं.