तोंड झाकलेले दोघे

पडद्यावर चौथा मुडदा पडला आणि भाऊंनी चघळायला ठेवलेली लवंग गिळली.

ठाण्याच्या त्या भरलेल्या थिएटरात तोंड झाकलेली माणसं दोनच होती. एक पडद्यावरचा खुनी. अंगात लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट आणि तोंडावर पीठ चाळायची चाळणी बांधलेला. दुसरे भाऊ, डोळ्यांपर्यंत मास्क ओढून बसलेले. खुन्याला पोलिसांची भीती होती. भाऊंना डोंबिवलीच्या कीर्तन मंडळाची.

मंडळाचे कार्यवाह, वय बाहत्तर, पन्नास वर्षांत चातुर्मासातलं एकही कीर्तन न चुकवलेला माणूस भरदुपारी खूनखराबा बघताना सापडला, तर देवळात बसायचं कुठल्या तोंडानं? म्हणून तर ठाणं गाठलं. "तिथे कोण ओळखतंय तुम्हाला!" असं म्हणत वासंतीबाईंनीच नवऱ्याच्या हातात तिकीट ठेवलं होतं. "नातीचा सिनेमा तिसऱ्या आठवड्यात हाऊसफुल्ल आहे. नावं ठेवायची तर निदान बघून ठेवा."

सिनेमा समृद्धीनं लिहिलेला, तिनंच दिग्दर्शित केलेला. भयपट मेला, त्याला आता कुत्रं विचारत नाही, असं सांगून जे निर्माते तिला दारातून परत पाठवत होते, तेच आता घाईघाईनं भयपट जाहीर करत होते. आठ महिन्यांपूर्वी तिनं हीच गोष्ट भाऊंना वाचून दाखवायला घेतली होती. दुसऱ्याच पानावर पहिला खून झाला. भाऊंनी तिच्या हातातले कागद घेतले आणि मिटून टाकले.

"रक्त दाखवून पोट भरायचं? हेच शिकवलं का मी तुला?"

"भाऊ, शेवटचं पान तरी ऐका," ती म्हणत राहिली. भाऊ ऐकेनात. ती मानपाड्याला मैत्रिणीकडे राहायला गेली आणि भाऊंनी अबोला धरला. राग आवरावा या विषयावरची किमान दोनशे कीर्तनं त्यांनी ऐकली होती. त्यातल्या निम्म्यांनंतर ते देवळाबाहेर चपलांवरून भांडले होते, ही गोष्ट वेगळी.

सिनेमातली पोरं मोठी शहाणी होती. दिवा स्टेशनजवळच्या एका अर्धवट इमारतीत अडकलेली, भयपट बघून बघून त्यांचे नियम तोंडपाठ केलेली. एकटं कुठे जायचं नाही. 'कोण आहे?' असं विचारायचं नाही. गच्चीवर तर मुळीच नाही. नियम म्हणायची, एकमेकांना टाळ्या द्यायची. तेवढ्यात खालून कोणीतरी 'पाणी आलं!' असं ओरडायचं की यातलाच एक जण बादली घेऊन एकटा, 'कोण आहे?' विचारत, गच्चीवर! थिएटर हसता हसता किंचाळायचं. भाऊही खदखदून हसले. सगळं पाठ, आणि वागायची वेळ आली की शून्य. गाढवं कुठली!

मग त्यांना ती दोनशे कीर्तनं आठवली. त्यांनी मास्क आणखी वर ओढला.

शेवटी एकच मुलगी उरली. खुन्यावर कुठलंच हत्यार चालत नव्हतं. घरात वार केला तरी तो मरत नव्हता, बाहेर केला तरी नाही. दिवसाही मरत नव्हता, रात्रीही नाही. भाऊ खुर्चीत चुळबुळू लागले. हे कुठेतरी ऐकलेलं होतं. कुठेतरी कसलं, दर वर्षी ऐकलेलं होतं! नृसिंहजयंतीचं कीर्तन. पाच वर्षांची समृद्धी मांडीवर, डोक्यावरून भाऊंचं उपरणं घेतलेली, एक डोळा मात्र बाहेर. बुवा हात वर करून तबला थांबवायचे आणि श्रोत्यांना विचारायचे, मग त्या हिरण्यकशिपूला मारला कुठे? उत्तर बुवा कधीच देत नसत. ते श्रोत्यांनी द्यायचं असे, आणि सगळ्यांत मोठा आवाज भाऊंचा. घरी येताना पोर पुन्हा पुन्हा विचारायची, "पोट कसं फाडलं, भाऊ?" आणि भाऊ भर रस्त्यात दोन्ही हातांची नखं काढून दाखवायचे. आतड्यांसकट.

हेच शिकवलं का मी तुला?

पडद्यावर तिन्हीसांज झाली. चाळणीवाला जिना चढून आला. मुलगी दाराकडे सरकली, थबकली आणि वळून तिनं सरळ प्रेक्षकांत पाहिलं.

"घरात नाही. बाहेर नाही. मग मारायचा कुठे?"

संगीत थांबलं. मुलगी नुसती बघत राहिली. एक सेकंद. दोन. तीन.

"उंबरठ्यावर!"

भाऊ ताडकन उभे राहिले होते. हात वर, मास्क हनुवटीखाली, आवाज थेट नृसिंहजयंतीचा. पडद्यावरच्या मुलीनं मान हलवली, उंबरठ्यावर पाय रोवला आणि दोन्ही हातांची नखं काढली. थिएटरात एकच गदारोळ झाला.

"ओ काका, शेवट काय फोडताय!" मागून कोणीतरी खेकसलं.

भाऊ मटकन खाली बसले. हनुवटीखाली गेलेला मास्क चाचपू लागले. एवढ्यात त्यांच्या अगदी मागच्या खुर्चीतून, आठ महिने न ऐकलेला एक आवाज आला.

"ओरडू दे त्यांना. ते चार सेकंद मी एडिटरशी भांडून रिकामे ठेवलेत. तिथे आमच्या भाऊंचं वाक्य आहे."