न उतरणारी बॅटरी

बाविसाव्या संध्याकाळीही बॅटरी उतरली नाही. मसुऱ्याचे गंगाराम मास्तर रेडिओसमोर मांडी घालून बसले होते आणि बातम्या खणखणीत ऐकू येत होत्या.

हिशेबाने तिने तिसऱ्याच दिवशी मान टाकायला हवी होती. तो हिशेब मास्तरांनी चारदा तपासला होता.

गावात वीज नव्हती. बॅटरी सहा व्होल्टची, रेडिओला हवेत दोनशे. म्हणून दोन वर्षं खपून मास्तरांनी एक पेटी बनवली. आत पोलादी पट्टी थरथरे आणि बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभरदा तोडी-जोडी. तो लोखंडी गाभ्यावरच्या एका वेटोळ्यात शिरे आणि दुसऱ्या वेटोळ्यातून पस्तीसपट जोराने निघे. दोन्ही वेटोळ्यांना जोडणारा तारेचा एकही सांधा नव्हता. मधे नुसता मेणकागद.

वेटोळी स्वतःच्या हातांनी गुंडाळलेली, तरी पट्टी गुणगुणू लागली की मास्तरांच्या अंगावर काटा येई.

"तारच जोडलेली नाय, तर वीज खंयसून जातली?" धाकट्या भावाने, बाबलीने, एकदा विचारलं होतं. तेच त्याचं मास्तरांशी शेवटचं बोलणं. पहिल्या प्रयोगात मास्तरांनी त्याच्या ट्रकची बॅटरी जाळली, देवगडच्या हापूसच्या पेट्या ट्रकातच राहिल्या आणि मुंबईची बोट निघून गेली. मग घरात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली; पलीकडे बाबली. कुडाळात दोघांनाही एकाच जातीची नवी बॅटरी मिळाली. पुन्हा तंटा नको म्हणून मास्तरांनी आपल्या बॅटरीच्या मागच्या अंगाला लाल रंगाने नाव घातलं आणि ती बाजू भिंतीकडे करून ठेवली.

रेडिओ लागला की कुडाच्या फटींतून विडीचा वास येई. बाबलीचा ट्रक मात्र दिवसभर धावून बॅटरी भरून आणी, तरी हल्ली रोज सकाळी रुसे. हँडल मारून मारून तो घामाघूम होई आणि मास्तरांना, खोटं कशाला बोला, थोडं बरंच वाटे.

तिन्हीसांजेला मास्तर रवळनाथाच्या देवळात जात. परत येत तोवर ट्रक अंगणात लागलेला असे आणि बायकोने, सुशीलाने, बॅटरीवर जास्वंदीचं फूल वाहिलेलं असे. भराडीदेवीची कृपा, असं ती म्हणे. शेजारपाजारचे येऊन हात जोडून जात. मास्तर हसत, पण बॅटरीला बोट लावायला त्यांचंही मन होत नसे. चालत्या गाड्याला खीळ कोण घालील?

वीस वर्षं पाढे शिकवून त्यांचं नाव तालुक्याबाहेर गेलं नव्हतं. आता जाणार होतं. त्यांनी मुंबईच्या एका प्रोफेसरांना पत्र लिहायला घेतलं.

सुशीला दाराशी घुटमळली. "कित्याक लिवतास? चलता तसा चलांदेत."

"अगो, ही साधी गोष्ट न्हय," मास्तर म्हणाले. "ह्या जगात कोणी केलेला नाय."

रविवारी सकाळी पत्र पुरं झालं. बॅटरीचा नंबर तेवढा राहिला होता आणि तो मागच्या बाजूला होता. मास्तरांनी हात जोडले, फूल उचललं आणि बॅटरी हळूच फिरवली.

नंबर होता. लाल रंगाचा मात्र ठिपकासुद्धा नव्हता.

बाहेर हँडलचा खडखडाट चालला होता. मास्तर तसेच अनवाणी अंगणात आले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भावाच्या ट्रकपाशी जाऊन उभे राहिले. बॉनेट उघडंच होतं.

बाबलीने मान वर केली नाही. "दादा," तो म्हणाला, "काल रेडिओवरचा भजन अर्ध्यारच बंद केलस."

बॉनेटखालच्या बॅटरीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : गंगाराम.