मटार सोलण्यापुरता वेळ

तात्यांचा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका रेंगाळायचा, की बटण दाबून ते स्वयंपाकघरात बायकोसमोर स्टुलावर बसून मटार सोलू लागत. "लेकाचं फारच वेळ लावतंय," ही कुरकुर रोजचीच. रविवारी मुलगी आली, सीपीयूचं झाकण काढलं, धूळ झटकली, रॅमच्या जुन्या पट्टीशेजारी नवी खट्कन बसवली. आता बटण दाबायचा अवकाश, स्क्रीन हजर. तात्या हरखले, स्वयंपाकघराकडे फिरकेनासेच झाले. आठवड्यानं ये रे माझ्या मागल्या. तात्यांनी झाकण काढलं. नवी पट्टी गायब. ते तरातरा स्वयंपाकघरात गेले. रिकाम्या स्टुलावर स्वच्छ रुमालात पट्टी होती. "लेक बसवताना मी पाहिलं होतं," बायको मान वर न करता म्हणाली. "हवी तर न्या. मटार मी सोलते." तात्यांनी पट्टी फडताळात ठेवली, स्टूल ओढलं, शेंग उचलली. "लेकाचं फारच वेळ लावतंय."